पद्मासिस्टरनं काढलेले चेहरे

माळदरीत मातीची घरं जाऊन सिमेंटची आली, तरी एक जुनी वस्तू पाडलेल्या भिंतीवरून नव्या भिंतीवर जात राहिली. काचेच्या चौकटीत पेन्सिलनं काढलेला चेहरा. त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार आणि काचेवर, कपाळाच्या जागी, वाळलेल्या कुंकवाचं बोट. कुणाकडे म्हातारा, कुणाकडे ऐन उमेदीत गेलेली सून, कुणाकडे दात पडलेलं लेकरू. खाली सही नाही, तारीख नाही. पाहुण्यानं विचारलंच तर घरची बाई सांगे, "आमच्या सिस्टरनं काढलेलं हाय." मग पदर सावरत म्हणे, "लई गुणाची बाई. पर एकटी पडली व्हती बिचारी."

एकटी कशी पडली, ते मात्र कुणी आपण होऊन सांगत नसे.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की माळदरी. एसटी फाट्यावरच थांबते. १९९१च्या उन्हाळ्यात त्या फाट्यावर पद्मा उतरली तेव्हा तिच्यासोबत एक लोखंडी पेटी, एक वातीचा स्टो, कडेवर तीन वर्षांची करुणा आणि नवरा रत्नपाल एवढा लवाजमा होता. गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून तिची नेमणूक झाली होती. रत्नपाल हिंगोली डेपोत कंडक्टर. त्यानं पेटी डोक्यावर घेऊन उपकेंद्रामागच्या क्वार्टरपर्यंत आणली, हापशावरून पाणी भरलं, दाराची कडी नीट बसते का ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि दुपारच्या गाडीनं तो परत गेला. "ड्युटी हाय," तो म्हणाला. पुढली कित्येक वर्षं त्यांचा संसार या दोन शब्दांवर चालला. त्याची ड्युटी रस्त्यावर, तिची माळदरीत. सुट्टी जुळली तर घर, नाही तर नाही.

पद्माचे वडील जळबा हिंगोलीत पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरचे नंबर, जयंतीच्या मिरवणुकीचे मोठाले पडदे त्यांच्या हातचे असत. लहानपणी पद्मा त्यांच्याजवळ बसून अक्षरांच्या पोटात रंग भरायची. एखाद्याचा चेहरा काढायचा असला की जळबा आधी नुसते बघत बसत, हातातली बिडी विझून जाईपर्यंत. "हाताला घाई करू देऊ न्हाई, पोरी," ते म्हणत. शाळा संपल्यावर तिला औरंगाबादला जाऊन चित्रकला शिकायची होती. पण पाठची भावंडं होती आणि नर्सिंगला विद्यावेतन मिळत होतं. ती नर्सिंगला गेली. वाईट वाटलं, पण ते काम तिला आवडूनही गेलं. ज्या हातानं ती पापणीची रेघ काढायची त्याच हातानं सुई टोचायची. सुई बाहेर आल्यावर लेकराला रडायचं आठवायचं.

सकाळी लसीचा डबा खांद्याला लावून ती घरं फिरायची. ऊन चढलं की उपकेंद्राच्या ओट्यावर बसून सरकारी पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढायची. पाण्याला आलेल्या बाया घागर टेकवून उभ्या राहायच्या. आधी लाजायच्या, मग एकमेकींना ढकलायच्या. गावची सुईण सोजराबाई पहिले काही महिने तिच्याकडे बघतही नव्हती. "माज्या हातानं आर्धं गाव जल्मलं," ती हापशावर सांगायची, "आन ही कालची पोर मला हात धुवायला शिकवून राहिली." एका अवघड बाळंतपणात दोघी शेजारी शेजारी घामाघूम झाल्या, तेव्हा कुठं तिचा राग उतरला. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन ओट्यावर येऊन बसली. "काढ मला."

पद्मानं काढलं. सोजराबाईनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मी एवढी काळी हाय व्हय?"

"पेन्सिलच काळी हाय, मावशी."

"मग जरा कमी घासावं की, माय."

ते दिवस चांगले होते.

नामाजी धनगराची बायको यशोदाबाई आली ती दोन वर्षांनी. मेंढरं घेऊन पैनगंगेकडे गेलेले असताना तिची धाकटी पोरगी ठकू जुलाबानं गेली होती. गावात परत आल्यावर यशोदाबाई सरळ उपकेंद्रात आली आणि जमिनीवर बसली.

"तिचा फोटू काढला न्हाई कवा," ती म्हणाली. "आता डोळे मिटले तर तोंडच म्होरं येत न्हाई. इतका माझा जीव, आन तोंड येत न्हाई. बाई, तुमी बघितलं व्हतं तिला. काढून द्या."

पद्मानं ठकूला बघितलं होतं ते सुई टोचताना. नर्सला गावातली सगळी लेकरं रडतानाच दिसतात. रडकी ठकू काढून आईच्या हातात कशी द्यायची? तिनं विचारलं, "हसायची कशी?"

"अशी," म्हणून यशोदाबाई हसली. वरचा ओठ एका बाजूला वर गेला, डोळे बारीक झाले, नाकाला एक आठी पडली. पोरीचं हसू आईच्या तोंडावर क्षणभर येऊन गेलं आणि मग तिचं तिलाच कळलं. ती पदरात तोंड घालून बसली. पद्मानं तिला पाणी दिलं. ते हसू तिनं नीट बघून घेतलं होतं.

चार दिवसांनी पद्मानं यशोदाबाईला कागद दिला. कागद छातीशी धरून ती घराकडे पळत गेली. बाजाराच्या दिवशी नामाजीनं बाळापुरात त्याला काच लावून आणली.

त्यानंतर माणसं येत राहिली. कुणाचा बाप, कुणाची बहीण, कुणाचं नाव ठेवायच्या आत गेलेलं बाळ. त्या काळात गावात फोटो कुणाचा असायचा? लग्नात एखादा, तोही घोळक्यातला. पद्मानं यातल्या बहुतेकांना कधी ना कधी तपासलं होतं, टोचलं होतं, त्यांची नाडी धरली होती. ती आठवून काढायची. आठवलं नाही तर घरच्यांना हसायला सांगायची, भुवया उडवायला सांगायची. ज्या घरांत पद्माला ओसरीवरच बसवून वेगळ्या कपात चहा दिला जायचा, त्या घरांच्या आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, तिनं काढलेली माणसं टांगली जायची. तिला ते कळत होतं. चहा ती पिऊन टाकायची.

रामजी गिरणीवाल्याचं तसं नव्हतं. तो धडधाकट होता आणि हौशी होता. "मेल्यावर काढून काय फायदा, सिस्टर? मला जित्तेपणी बघू द्या," म्हणून त्यानं तिला गिरणीतच बसवून घेतलं. पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्यांसकट पद्मानं त्याला काढलं. चित्र त्यानं गिरणीच्या पट्ट्यासमोर टांगलं आणि दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. त्याच महिन्यात विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून रामजी गेला. त्याच्या बायकोला नवं चित्र मागायला यावं लागलं नाही. होतं त्यालाच तिनं हार घातला.

त्या हारानं घोटाळा केला. दळणाला आलेल्या बायांनी ते चित्र आधी बिनहाराचं पाहिलं होतं. मग कुणीतरी बोटांवर मोजून हिशेब मांडला: सिस्टरनं काढलेली माणसं गावभर भिंतीवर आहेत, आणि भिंतीवरचं एकही माणूस जिवंत नाही. ज्यांच्याकडे तिनं सहज काढलेली चित्रं होती त्यांनी ती गुपचूप चुलीत घातली आणि जाळलं म्हणून वाचलो असं ठरवलं. "सोजराबाई हाय की जित्ती," असं कुणी म्हटलंच तर उत्तर तयार असे. "सोजरा कुठं मरती? ती यमालाच हात धुवायला लावील."

त्याच वर्षी जूनमध्ये करुणा पाचवीला हिंगोलीला आजीकडे गेली होती. क्वार्टरमध्ये पद्माचा एकटीचा चहा उकळायचा. लसीच्या दिवशी ओट्यावर बाया कमी दिसू लागल्या. आल्या त्यांनी लेकरांची तोंडं पदरानं झाकलेली. एकीनं धीर करून सांगितलं, "नाव लिव्हा, सिस्टर. पर पेनानं लिव्हा. पेन्सिलनं न्हाई."

पद्माला आधी हसू आलं. बायका हसत नाहीत हे पाहिल्यावर तिनं कानावरची पेन्सिल काढून पिशवीत टाकली आणि पेन घेतला.

दिवाळीला ती हिंगोलीला गेली. करुणा अंगणात केस वाळवत बसली होती, मान एका बाजूला टाकून. पद्मानं कागद घेतला.

"राहू दे की," रत्नपाल म्हणाला.

"काहून?"

"परीक्षा हाय तिची जवळ."

"परीक्षेला चित्रानं काय होतं?"

एरवी हाच रत्नपाल ड्रायव्हरनं गाडीला लिंबू-मिरची बांधली की सगळ्या प्रवाशांसमोर ती तोडून फेकायचा. यावरून त्याची डेपोत भांडणं झाली होती. "मी मानत न्हाई, तुला ठाऊक हाय," तो अखेर म्हणाला. "पर लेकरू हाय, पद्मा. राहू दे."

दुपारी घर झोपलं. करुणाही झोपली. पद्मा तिच्या उशाशी बसली. पोरगी वाढली होती, गालाचं हाड वर आलं होतं, हे तिला चार महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पेन्सिल टेकवली. रेघ उमटेना. हात कागदावर आला की रामजीच्या पांढऱ्या पापण्या दिसायच्या. हसण्यावारी नेलेली गोष्ट आपल्याही आत जाऊन बसली आहे हे तिला तेव्हा कळलं. माळदरीला परतल्यावर तिनं पेन्सिली पेटीत टाकल्या. गावाला सांगितलं, मेलेल्यांचंही आता काढणार नाही. आपण चित्र सोडलं तर लेकरं लसीला परत येतील, एवढाच तिचा हिशेब होता. तिची संध्याकाळ त्या दिवसापासून फार मोठी झाली. भांडी घासून झाली की तीच पुन्हा घासायची.

लेकरं थोडी आली, सगळी आली नाहीत. अशी दोन-तीन वर्षं गेली. मग २००१च्या पावसाळ्यात सोजराबाई म्हणाली, "नामाजीच्या सुनंचं पोट चांगलं दिसून राहिलं. तुला बलावलं न्हाई व्हय?"

नामाजी-यशोदाबाईचा थोरला अंगद. त्याची बायको सुकन्या. बारीक चणीची, पहिलटकरीण. पद्मा दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा सून माहेरी गेल्याचं कळलं होतं. तिसऱ्यांदा ती ओसरीवर बसली.

"सुकन्या आली का म्हायेरहून?"

"न्हाई बा. तिच्या मायला बरं न्हाई."

आत काहीतरी पडलं. पाठोपाठ बांगड्या वाजल्या.

"आत कोण हाय?"

"मांजर."

"तुमचं मांजर बांगड्या भरतं व्हय, यशोदाबाई?"

यशोदाबाईला हसू फुटलं. वरचा ओठ एका बाजूला गेला, आणि पद्माला ठकू आठवली. पण ते हसू पुरतं उमटायच्या आत यशोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमच्या हातानं माझी पोरगी घरात आली परत. पर ल्योकाचं पयलं लेकरू हाय हे."

"पिशवी बघा माझी. कागद न्हाई, पेन्सिल न्हाई."

"पिशवीचं काय घेऊन बसलात? ठकूला तुमी कागद घेऊन कवा बघितलं व्हतं? नुसतं बघितलं, आन मागून काढलं. म्हंजे तुमी बघता तवाच आत काढून ठिवता. पेन्सिल टाकली, डोळे कुठं टाकाल?"

पद्माला वाटलं होतं चित्र सोडलं म्हणजे झालं. तिनं चित्र सोडून काहीच झालं नव्हतं. ती चपला घालायला वाकली. आतल्या दाराला गोणपाटाचा पडदा होता आणि तो जमिनीपर्यंत पोचत नव्हता. पडद्याखाली दोन पावलं दिसली. सुजून गोल झालेली, जोडवी बोटांच्या मांसात रुतलेली.

"तिच्या पायाला सूज हाय," ती वाकलेलीच म्हणाली. "बीपी बघावं लागंल. वाढलं तर झटके येतात, यशोदाबाई. लेकरू जातं, आईबी जाती."

"पयलटकरणीला सूज येतीच," यशोदाबाई म्हणाली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

पद्मा क्वार्टरवर आली. हात-पाय न धुता तिनं पेटी उघडली. खिळ्यावरचा छोटा आरसा काढून खिडकीत ठेवला. आरसा एवढा लहान की त्यात चेहरा एकदम मावत नव्हता. डोळे बघितले की हनुवटी जायची. तिनं स्वतःला तुकड्या-तुकड्यानं काढलं. चांगलं आलं नाही. मान आखडल्यासारखी दिसत होती, पण ओळखू येत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते उपकेंद्राच्या बाहेरच्या खोलीत, लस टोचायच्या टेबलाच्या वर भिंतीला, रस्त्यावरून दिसेल असं टांगलं.

सोजराबाई दारातच थबकली. "हे गं काय?"

"रामजीचं गिरणीत टांगलं म्हणून गेला म्हणतात ना? माझं हितं टांगलं. जाळणार न्हाई, झाकणार न्हाई. बघू द्या गावाला."

"आन मेलीस म्हंजे?"

"नवी सिस्टर येईल. तिला चित्र काढता येतं का ते अगुदर विचारून घ्या."

सोजराबाई हसली नाही.

गाव बघू लागलं. इतक्या वर्षांत पद्माची तब्येत कुणी विचारली नव्हती. आता येणारा-जाणारा विचारत होता. "सिस्टर, बरं हाय ना?" "जेवण जातं ना?" हापशावर तिला ठेच लागली तरी ओट्यापर्यंत कुजबुज जायची. ती जपून वागू लागली. लोकांसमोर खोकायची नाही. भर उन्हात डोक्यावर पदर घ्यायची. पावसात छत्री नसली तर बाहेर पडायची नाही. सुकन्याचे दिवस भरत चालले होते. ते भरायच्या आत यशोदाबाईची खात्री पटली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पाऊस संपता संपता तिला थंडी वाजून ताप आला. तिनं स्वतःच्याच बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब घेऊन ती बाळापूरला पाठवली आणि गोळ्या सुरू केल्या. हिवतापच होता. ती इतरांना सांगायची तेच स्वतःला सांगत होती: गोळ्या पुऱ्या कर, पाणी पी. पण तिसऱ्या दिवशी उठवेना. सोजराबाईनं तिला क्वार्टरमधून उचलून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आणलं, म्हणजे येता-जाता लक्ष राहील. दोन गोधड्यांखाली दात वाजत होते. रस्त्यावरून माणसं सावकाश जायची. कुणी आत यायचं नाही. कुणी बाहेरूनच म्हणायचं, "ते चित्र उतरवा की आता, सोजराबाई."

"हात लावाल तर बघा," खाटेवरून आवाज यायचा.

फाट्यावर एका कंडक्टरला निरोप दिला गेला, त्यानं नांदेडच्या स्टँडवर दुसऱ्याला दिला, आणि असा गाडीगाडीनं फिरत तो रत्नपालला पोचला. चौथ्या दिवशी दुपारी तो खाकी कपड्यांतच आला. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. थोडा वेळ बसला. तिचा डोळा लागला असं वाटल्यावर तो उठला, स्टुलावर चढला आणि चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून खाली ठेवलं.

"काहून काढलं?"

तो दचकला. "धूळ बसली होती."

"धूळ पुसायला कुणी पाठमोरं ठेवतं का?"

"तू आधी बरी हो. मग टांगतो."

"बरी झाल्यावर टांगून काय करू? मी पडलेली असतानाच ते वर पाहिजे." बोलताना तिला धाप लागत होती. "नामाजीची सून आत कोंडलेली हाय. पायाला एवढी सूज. तुमी उतरवलं हे गावानं बघितलं, तर माझा नवराबी मानतो असं होईल. मग ती पोरगी गेलीच."

"आणि तुला काही झालं तर?"

"करुणाला सांगा, हिवतापानं गेली. चित्रानं न्हाई."

रत्नपालनं तोंडावरून हात फिरवला. त्यानं दाराबाहेर बघितलं. यशोदाबाई कुंपणाशी कधीची उभी होती. बघायला आली होती की शेवटचं भेटायला, ते तिलाही ठाऊक नसावं. तिच्या देखत तो पुन्हा स्टुलावर चढला. दोरी खिळ्यात बसेना.

"डावीकडं जरा वर," पद्मा खाटेवरून म्हणाली. "अजून. हां."

ताप दुसऱ्या दिवशी घाम येऊन उतरला. त्याच्या पुढल्या सकाळी ओट्याशी नामाजीची बैलगाडी उभी राहिली. यशोदाबाई सुनेला धरून आत आली. सोजराबाईच्या आधारानं उठून पद्मानं सुकन्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. पारा कुठवर चढला ते तिनं पुन्हा एकदा बघितलं. मग कुणाला काही न सांगता अंगदला जीप आणायला पिटाळलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेताना सुकन्याला वाटेत एक आणि पोचल्यावर एक असे झटके आले, पण ती वाचली. तिला झालेली पोरगीही वाचली. सव्वा महिन्यानं यशोदाबाईनं नातीला लसीच्या टेबलावर, त्या चित्राच्या खाली ठेवलं आणि तिच्या तोंडावरचा पदर स्वतः बाजूला केला.

"बघा, बाई," ती म्हणाली. "नीट बघा."

तेव्हापासून लेकरं आली, सगळी आली. मात्र चित्र काढा असं कुणी म्हणालं नाही. भीती गेली, पण तिच्याबरोबर चित्र काढून घ्यायची सवयही गेली होती. बाळापुरात स्टुडिओ निघाले, जत्रेत रंगीत फोटो मिळू लागले, पुढं मोबाइलवर निघू लागले. पद्मासिस्टर ओट्यावर बसायची तेव्हा बाया तिच्याशेजारी बसायच्या, दुखणी-खुपणी सांगायच्या, आणि तिच्या रिकाम्या हाताकडे कुणाचं लक्ष जायचं नाही.

पण त्याआधीची एक दुपार सांगायची राहिली. सुकन्याच्या पोरीचं बारसं होऊन गेलं होतं. रत्नपाल सुट्टी नसताना आला. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ होता. चहा झाल्यावर तो स्टूल ओढून उजेडात बसला.

"मला काढ."

"कशाला?"

"त्या दिवशी मी ते..." तो स्टुलावर ताठ बसला. "काढ तू."

पद्मानं पेटी उघडली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. दहा वर्षं हा माणूस पेटी ठेवून, पाणी भरून, ड्युटीला जात आला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिकिटाच्या पिशवीनं एक खांदा उतरला होता, आणि तो उतरताना तिनं पाहिला नव्हता. खालच्या ओठाला कसलीशी चीर होती.

"हे कशानं झालं?"

"मागल्या वर्षी. ब्रेक मारला, दांडीवर आपटलो."

"सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं." तो हलला. "झालं का?"

"हलू नका."

"गाडी जाईल, पद्मा."

"जाऊ द्या एक."

"एक जाऊ दिली तर उद्या साहेबासमोर उभं राहावं लागंल." तो हसला, उठला, पिशवी खांद्याला लावली. कागदाकडे वाकून बघितलं. डोळे, नाक, ओठाची चीर, सगळं आलं होतं. डावा कान नव्हता, उतरलेला खांदा नव्हता. "एवढं राहिलं ते तू कर की. तुला तर न बघता येतं."

"न बघता मेलेल्यांचं काढते," पद्मा म्हणाली. "तुमी या."

"येतो. पुढल्या सुट्टीला करुणालाबी आणतो. तिचंबी काढ."

तो फाट्याकडे गेला. पुढल्या सुट्टीला डबल ड्युटी लागली, त्याच्या पुढल्या सुट्टीला करुणाची परीक्षा होती. कान आणि खांदा तिला पाठ झाले होते. डोळे मिटून काढता आले असते. कागद टेबलावर तसाच होता. रोज सकाळी ती त्यावरची धूळ फडक्यानं झटकायची, पेन्सिलीला हात लावायची नाही, आणि लसीचा डबा खांद्याला लावून बाहेर पडायची.